मूलाधारातला गणपती आणि योगवर्गातले सात रंग : वाचकांचे प्रश्न

चक्रे (देहात मानलेली ध्यानाची स्थाने), नाड्या (शक्तीचे मार्ग) आणि कुंडलिनी (कण्याच्या तळाशी, मूलाधार चक्रात निजलेली मानलेली शक्ती) या विषयांवर वाचकांची पत्रे वर्षभर येत असतात. गणेशोत्सवानंतर त्यांत भर पडते, कारण अथर्वशीर्षाची आवर्तने करताना अनेकांचे लक्ष एका विशिष्ट ओळीपाशी थांबते. यंदाच्या पत्रांपैकी पाच येथे घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या घरी रोज अथर्वशीर्ष म्हटले जाते. त्यात गणपतीला ‘त्वं मूलाधारस्थितोऽसि नित्यम्’ असे म्हटले आहे. मी ज्या योगवर्गाला जाते तेथील भिंतीवरच्या चित्रात मात्र मूलाधाराची देवता ब्रह्मा आहे आणि सात चक्रांना तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत इंद्रधनुष्याचे रंग दिले आहेत. माझ्या मावशींकडील एका पुस्तकात चक्रे नऊ आहेत. यांतले खरे काय मानावे? — एक वाचिका, ठाणे

उत्तर : देवता, रंग आणि संख्या अशा तीन शंका आपण विचारल्या आहेत. तिन्हींची उकल होण्यासाठी चक्रे कशासाठी सांगितली गेली हे आधी पाहावे लागते.

आज सर्वत्र दिसणारी मांडणी मुख्यतः ‘षट्चक्रनिरूपण’ या संस्कृत प्रकरणावरून आलेली आहे. बंगालमधील शाक्त साधक पूर्णानंद यती यांनी १५७७ साली पूर्ण केलेल्या ‘श्रीतत्त्वचिंतामणी’ या ग्रंथाचा तो सहावा अध्याय होय. कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश सर जॉन वुडरॉफ यांनी ‘आर्थर अ‍ॅव्हलॉन’ या नावाने त्याचे इंग्रजी भाषांतर १९१९ साली प्रसिद्ध केले आणि तेथून ही मांडणी जगभर पसरली. या प्रकरणात मूलाधाराला चार, स्वाधिष्ठानाला सहा, मणिपूराला दहा, अनाहताला बारा, विशुद्धाला सोळा आणि आज्ञाचक्राला दोन पाकळ्या सांगितल्या आहेत. त्यांची बेरीज पन्नास होते, आणि हे पन्नास म्हणजे संस्कृत वर्णमालेतील पन्नास वर्ण. विशुद्धाच्या सोळा पाकळ्यांवर सोळा स्वर आहेत. अनाहतावर ‘क’पासून ‘ठ’पर्यंत, मणिपूरावर ‘ड’पासून ‘फ’पर्यंत, स्वाधिष्ठानावर ‘ब’पासून ‘ल’पर्यंत, मूलाधारावर व, श, ष, स आणि आज्ञाचक्रावर ह व क्ष. साधक सगळी वर्णमाला, म्हणजे सगळी वाणी आणि तिच्यातून उभे राहणारे सगळे जग, आपल्या देहात क्रमाने ठेवतो आहे, हे या रचनेवरून स्पष्ट दिसते.

खालच्या पाच कमळांच्या मध्यभागी एकेक महाभूत आहे. मूलाधारी पृथ्वी आणि ‘लं’ हे बीज, त्यावर जल आणि ‘वं’, मग अग्नी आणि ‘रं’, वायू आणि ‘यं’, आकाश आणि ‘हं’. जागृत झालेली कुंडलिनी शक्ती वर चढताना पृथ्वी जलात, जल अग्नीत, अग्नी वायूत आणि वायू आकाशात लीन होतो. विस्ताराने देवपूजा करणाऱ्यांच्या घरी पूजेच्या आरंभी भूतशुद्धी, म्हणजे देहातील पंचमहाभूतांची शुद्धी, होते, तिचा आशय हाच आहे. म्हणून माझे म्हणणे असे आहे, आणि या सदरातील पुढची उत्तरेही त्याच भूमिकेतून लिहिली आहेत, की चक्रे ही साधकाने ध्यानासाठी देहात योजलेली स्थाने आहेत. तेथे काय पाहायचे, कोणता वर्ण उच्चारायचा आणि कोणत्या देवतेचे चिंतन करायचे हे त्या त्या परंपरेने आपल्या साधनेच्या गरजेप्रमाणे ठरवले. साधना वेगळी झाली की संख्या आणि देवता बदलतात, आणि त्यात विसंगती काहीच नाही.

संख्येचेच पाहा. गोरक्षनाथांच्या नावावर असलेल्या ‘सिद्धसिद्धान्तपद्धती’त नऊ चक्रे आहेत, त्यांत टाळूचे एक स्वतंत्र चक्र आहे, आपल्या मावशींचे पुस्तक बहुधा याच नाथपरंपरेचे असावे. बौद्धांच्या हेवज्रतंत्रात नाभी, हृदय, कंठ आणि मस्तक अशी चारच आहेत. पतंजलींच्या योगसूत्रांत नाभिचक्र, कंठकूप, हृदय आणि मूर्धज्योती यांवर संयम, म्हणजे एकाग्र ध्यान, करण्यास सांगितले आहे, पण सहा चक्रांची शिडी तेथे नाही. आणि ज्याला आपण सातवे चक्र म्हणतो ते मस्तकावरचे सहस्रार पूर्णानंदांनीही सहांच्या पलीकडचे मानले आहे. प्रकरणाच्या नावातच सहा आहेत.

गणपतीचे उत्तर अजपाजपाच्या, म्हणजे श्वासाबरोबर आपोआप होणाऱ्या जपाच्या, संकल्पात मिळते. मिनिटाला पंधरा श्वास धरले तर तासाला नऊशे आणि अहोरात्रात २१,६०० श्वास होतात. प्रत्येक श्वासाबरोबर ‘सोऽहं’ हा जप आपोआप चालतो असे मानून जुने उपासक सकाळी अंथरुणावरून उठण्यापूर्वी आदल्या दिवसाचा हा जप चक्रांच्या देवतांना अर्पण करीत : मूलाधारातील गणपतीला सहाशे, स्वाधिष्ठानातील ब्रह्म्याला सहा हजार, मणिपूरातील विष्णूला सहा हजार, अनाहतातील रुद्राला सहा हजार, आणि वरच्या तीन स्थानांना प्रत्येकी एक हजार. येथे ब्रह्मदेव एक पायरी वर गेला आहे आणि पायथ्याशी गणपती बसला आहे. प्रत्येक कार्याच्या आरंभी ज्याला वंदन करायचे तोच शक्तीच्या प्रवासाच्या आरंभीही असावा, हे अगदी स्वाभाविक आहे. अथर्वशीर्षातले वचन याच अर्थाने घ्यावे. ज्यांच्या घरी ही अर्पणाची चाल अजून आहे त्यांनी ती सोडू नये, असे मला मनापासून वाटते. कोणतेही साहित्य न लागणारी आणि दोन मिनिटांत होणारी ही उपासना आहे.

रंगांबाबत मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. इंद्रधनुष्याचा क्रम विसाव्या शतकात पाश्चात्त्य देशांत रूढ झाला. षट्चक्रनिरूपणात तो नाही. आपल्या वर्गातील चित्रात अनाहत हिरवे असेल. पूर्णानंदांचे अनाहत-कमळ बंधूकाच्या, म्हणजे आपल्याकडील तांबड्या दुपारीच्या फुलासारखे लालभडक आहे, त्यात धुरकट रंगाचा षट्कोन आहे आणि त्या षट्कोनात वायूचे वाहन असलेले काळे हरीण आहे. मणिपूराच्या पाकळ्या पाण्याने ओथंबलेल्या मेघासारख्या सावळ्या आहेत आणि त्यांच्या मध्ये उगवत्या सूर्यासारखा तांबडा त्रिकोण आहे. आज्ञाचक्र चंद्रासारखे शुभ्र आहे. ज्याला ध्यान करायचे आहे त्याला हे सावळ्या मेघातले अग्नीचे कोंदण डोळ्यांपुढे आणता आले तर सपाट पिवळ्या वर्तुळापेक्षा त्याचा अधिक उपयोग होईल. तरीही आपल्या शिक्षकांनी इंद्रधनुष्याचे रंग वापरून एकाग्रता साधून दिली असेल, तर वर्गात वाद घालण्याचे कारण नाही. एका वेळी एकच पद्धत धरावी आणि तिची दुसरीशी सरमिसळ करू नये, एवढे पाळले म्हणजे पुरे.

प्रश्न : माझा मुलगा शल्यचिकित्सक आहे. तो म्हणतो, शवविच्छेदनात चक्र कधीच दिसत नाही, तेव्हा हे सारे काल्पनिक आहे. मी चाळीस वर्षे प्राणायाम करतो, मला तसे वाटत नाही. पण त्याला काय उत्तर द्यावे ते सुचत नाही. — एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : आपल्या चिरंजीवांचे निरीक्षण बरोबर आहे आणि ते नाकारण्याची गरज नाही. हीच परीक्षा एका संन्याशाने फार पूर्वी करून पाहिली होती. स्वामी दयानंद सरस्वतींनी आपल्या आत्मवृत्तात, जे १८७९-८० मध्ये ‘थिऑसॉफिस्ट’ मासिकात छापले गेले, लिहिले आहे की गंगेतून वाहत आलेले एक प्रेत त्यांनी काठावर ओढून घेतले, चाकूने ते चिरले, आणि जवळच्या हठयोगाच्या ग्रंथांतील वर्णनाशी अवयव ताडून पाहिले. कमळे सापडली नाहीत, तेव्हा त्यांनी ते ग्रंथ फाडून प्रेताबरोबर नदीत सोडून दिले. सत्याची एवढी चाड असणारा माणूस मला वंदनीय वाटतो. पण त्यांनी उपनिषदे आणि पतंजलींची सूत्रे ठेवून घेतली, आणि हृदयापासून निघणाऱ्या एकशे एक नाड्यांपैकी एक मस्तकाकडे जाते हे सांगणारे कठोपनिषद त्या उपनिषदांतच आहे. त्या एकशे एक नाड्याही सुरीने मोजता येणाऱ्या नाहीत.

उलट दिशेनेही प्रयत्न झाले. मुंबईचे डॉक्टर वसंत रेळे यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात कुंडलिनी म्हणजे उजवा व्हेगस चेतातंतू असे प्रतिपादन केले. त्यांचा हेतू प्रामाणिक होता. योगाला वैद्यकाच्या भाषेत मान मिळावा असे त्यांना वाटत होते. परंतु जी शक्ती पृथ्वीपासून आकाशापर्यंत सर्व तत्त्वे पोटात घेते असे ग्रंथ म्हणतात तिला एका चेतातंतूवर बसवले की ग्रंथाचा अर्थही हातचा जातो आणि शरीरशास्त्रालाही नवे काही मिळत नाही. चक्रांची अंतःस्रावी ग्रंथींशी जी जोडी लावली जाते तिच्याबद्दलही माझे हेच मत आहे.

या दोन टोकांमध्ये काम कसे करावे हे स्वामी कुवलयानंदांनी दाखवून दिले. १९२४ साली लोणावळ्याला त्यांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. उड्डियान (पोट आत ओढून घेणे) आणि नौली (पोटाचे स्नायू फिरवणे) या क्रिया करताना पोटातील दाब किती घटतो, क्ष-किरणांत काय दिसते, असे जे मोजता येईल तेच त्यांनी मोजले. आपणही मुलाशी बोलताना एवढेच म्हणावे : श्वास संथ केल्याने हृदयाच्या गतीवर, रक्तदाबावर आणि मनाच्या अस्वस्थतेवर परिणाम होतो हे तपासता येते, आणि ते तपासले गेले आहे. हृदयस्थानी लक्ष ठेवून बसल्यावर मला जे जाणवते ते माझ्या अनुभवाचे आहे. ते तुझ्या टेबलावर सापडावे असा माझा आग्रह नाही. चाळीस वर्षे ज्यांनी नियमाने साधना केली त्यांना याहून वेगळे समर्थन लागत नाही, आणि शल्यचिकित्सक मुलालाही हे म्हणणे मान्य व्हायला हरकत नसावी.

प्रश्न : एका प्रदर्शनात माझा ‘ऑरा फोटो’ काढला. त्यात माझे अनाहत चक्र ‘ब्लॉक’ आहे असे सांगून सहा सत्रे आणि एक स्फटिकांची माळ घेण्याचा सल्ला दिला. घ्यावी का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : घेऊ नये. अशा यंत्रांपैकी बहुतेकांत हाताच्या तळव्याखाली संवेदक असतात. त्वचेतून वीज किती सहज वाहते हे ते पाहतात, आणि त्या आकड्यांवरून संगणक आपल्या छायाचित्राभोवती रंग भरतो. किर्लियन छायाचित्रण म्हणून जो जुना प्रकार आहे त्यातील प्रभा ही विद्युत्‌विमोचनाची असते आणि बोटाच्या घामाने, दाबाने तिचा आकार बदलतो. हात पुसून पुन्हा फोटो काढला तर चक्राची ‘अवस्था’ बदललेली दिसण्याची शक्यता आहे. ग्रंथांत चक्रभेदन आणि ग्रंथिभेदन आहे, ते साधकाने स्वतःच्या अभ्यासाने करायचे असते. त्याची दुरुस्ती तिसऱ्याने पैसे घेऊन करून देण्याची कल्पना तेथे कोठेही नाही. हे पत्र लिहिण्यामागे छातीत जडपणा किंवा धाप असे काही प्रत्यक्ष लक्षण असेल तर मात्र हृदयरोगतज्ज्ञांकडे आजच जावे.

प्रश्न : मी माळकरी आहे. ज्ञानेश्वरीच्या पारायणात सहावा अध्याय आला की मन दडपते. कुंडलिनीचे एवढे वर्णन माउलींनी केले आहे, म्हणजे ते करायलाच हवे का? हरिपाठ आणि वारी एवढ्यावर माझे भागणार नाही का? — एक वाचक, मंगळवेढा

उत्तर : आपला प्रश्न वाचून आनंद झाला, कारण मराठीत या विषयाचा विचार करायचा तर तो येथूनच करायला हवा. पूर्णानंद यतींच्या जवळजवळ तीनशे वर्षे आधी, शके १२१२ मध्ये, ज्ञानदेवांनी कुंडलिनी मराठीत आणली. मूळ गीतेच्या सहाव्या अध्यायात आसन, सरळ ठेवलेली मान आणि पाठ, स्थिर दृष्टी एवढेच आहे. कुंडलिनीचे नावही नाही. ज्ञानदेवांना मिळाली होती ती आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी आणि निवृत्ती अशी आलेली नाथांची ठेव, आणि ‘पिंडें पिंडाचा ग्रासु । तो हा नाथसंकेतींचा दंशु’ असे म्हणून आपण कोणती खूण उघड करीत आहोत हेही ते सांगतात.

त्या ओव्या भीती बाजूला ठेवून वाचून पाहाव्यात. मूळबंध, मग गळ्याशी जालंधर, मग नाभीखाली वोढियाणा असे तिन्ही बंध लागतात, कोंडलेला अपान, म्हणजे खालच्या दिशेचा वायू, मणिपुराशी झुंजतो, आणि मग ती दिसते : ‘नागिणीचें पिलें । कुंकुमें नाहलें । वळण घेऊनि आलें । सेजे जैसें.’ साडेतीन वेढ्यांची ती निजलेली सर्पीण इतकी कोवळी, इतकी घरातली आहे की तिच्याबद्दल प्रथम वाटते ती माया. पाकळ्या आणि रंग यांची याद्यांसारखी मोजणी करण्यात ज्ञानदेवांना रस नाही. ती जागी झाल्यावर देहातील पृथ्वी-आप कशी खाऊन टाकते, मग स्वतःच कशी विरघळत वाऱ्यासारखी होते, हे ते सांगतात. पृथ्वीला आप विरवते, आपाला तेज जिरवते, तेजाला पवन हरवतो, ही तीच भूतांच्या लयाची कथा आहे जी वर पहिल्या उत्तरात आली. हृदय आणि ब्रह्मरंध्र यांच्यामधला तो प्रवास मराठीत याहून सुंदर कोणी लिहिलेला नाही.

आणि तरीही हेच ज्ञानदेव बाराव्या अध्यायात या मार्गाने जाणाऱ्यांबद्दल काय म्हणतात? ‘वांचूनि योगाचेनि बळें । अधिक कांहीं मिळे । ऐसें नाहीं आगळें । कष्टचि तया.’ भक्ताला जे मिळते त्याहून योग्याला जास्त काही मिळत नाही. वाढतात ते कष्ट. हरिपाठातही ‘योग याग विधी येणें नोहे सिद्धि’ असे आहे. ज्यांनी पंथराजाचे, म्हणजे या योगमार्गाचे, हे सगळे वर्णन केले त्यांचाच हा निर्वाळा असल्यामुळे त्याला वजन आहे. आपल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून असे सांगतो की हरिपाठ आणि वारी यांवर आपले नक्की भागेल. सहावा अध्याय गाळू मात्र नये. तो मोठ्याने, सावकाश वाचावा, कारण त्यातील नाद कानावर पडल्याशिवाय त्या ओव्या अर्ध्याच कळतात; आणि त्याच्या पाठोपाठ बारावा वाचावा.

प्रश्न : माझा तेवीस वर्षांचा मुलगा मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून रात्री दोन-दोन तास भस्त्रिका करतो आणि श्वास रोखून बसतो. आता त्याच्या अंगाला कंप सुटतो, पाठीतून वीज गेल्यासारखे होते म्हणतो, तीन-चार दिवस झोप नाही आणि आपल्याला मोठे कार्य करायचे आहे असे सतत बोलतो. त्याच्या मते ही कुंडलिनी जागृती आहे. मी काय करू? — एक आई, पुणे

उत्तर : ताई, हा अंक हाती पडेपर्यंत थांबावे लागू नये म्हणून आपल्याला वेगळे पत्र पाठवले आहे. इतर घरांतही असे घडत असेल, यासाठी येथे पुन्हा लिहितो. त्याला शक्य तितक्या लवकर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. अनेक दिवस झोप नसणे आणि आपण विशेष कार्यासाठी निवडले गेलो आहोत असे बोलत राहणे ही लक्षणे उपचारांनी आटोक्यात येणाऱ्या आजाराचीही असू शकतात, आणि उशीर झाला तर उपचार अवघड होतात. जलद श्वसनाने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो. त्याने हातापायांना मुंग्या, कंप, चक्कर आणि भीती हे सर्व होऊ शकते. भस्त्रिका आणि कुंभक आजपासून पूर्ण बंद ठेवावेत.

त्याला हे वैद्यकाच्या भाषेत पटणार नसेल तर त्याच्याच विषयातला आधार द्यावा. हठयोगप्रदीपिकेत म्हटले आहे की सिंह, हत्ती आणि वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच वायू हळूहळू वश करावा, नाहीतर तो साधकाचा घात करतो. आणि लगेच पुढच्याच श्लोकात, चुकीच्या अभ्यासाने सर्व रोग उद्भवतात असे आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात फार जागणाऱ्याला आणि उपाशी राहणाऱ्याला योग साधत नाही हे भगवंतांनी स्पष्ट सांगितले आहे. पुण्यात वासुदेव निवासात गुळवणी महाराजांनी शक्तिपाताची, म्हणजे गुरूने शिष्याची शक्ती जागृत करण्याची, जी परंपरा चालवली तिच्यातही शिष्य गुरूंच्या देखरेखीखाली असतो. एकट्याने रात्री पडद्यासमोर बसून करण्याची ही विद्या नव्हे.

घरात त्याची थट्टा करू नये आणि त्याच्या अनुभवाला जागृती म्हणून दुजोराही देऊ नये. वेळेवर गरम जेवण, संध्याकाळी आपल्यासोबत चालणे, रात्री मोबाइल दुसऱ्या खोलीत, आणि डॉक्टरांनी औषध दिले तर ते त्यांना न विचारता थांबवायचे नाही. पुढे प्रकृती सुधारल्यावर त्याला साधना करावीशी वाटली तर साधे नामस्मरण पुरेसे आहे, आणि प्राणायाम पुन्हा करायचा की नाही हे त्याचे डॉक्टर व एखादा जाणता शिक्षक यांनी मिळून ठरवावे. तज्ज्ञांची भेट लगेच मिळत नसेल तर केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तेथे मराठीतून बोलता येते. त्याने स्वतःला किंवा इतरांना इजा करण्याचे बोलून दाखवले तर फोनवर न थांबता जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्यावे.